ओठांवर अडलेला शब्द

चेन्नईहून बंगळूरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. १९९८ साली तेथील ह्युंदाईच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. अशा औद्योगिक वसाहतींत कामासाठी निरनिराळ्या राज्यांतून माणसे येतात. मागोमाग त्यांची कुटुंबेही येतात. समजा, महाराष्ट्रातील एक कुटुंब येथे राहावयास आले आहे. घरात मराठी, शेजारी हिंदी, दुकानात तमिळ, आणि शाळेत तमिळ व इंग्रजी. घरातील पाच वर्षांचा मुलगा नुकताच शाळेत जाऊ लागला आहे. दोन महिन्यांनी शिक्षिका सांगतात की तो वर्गात बोलत नाही. काही विचारले तर केवळ बोट दाखवतो.

घरी चर्चा सुरू होते. आजी म्हणते, "लाजतो आहे, बोलेल हळूहळू." काका म्हणतात, "तोंडात मूग धरून बसण्याची त्याला सवयच आहे." शेजारी सल्ला देतात, "घरात मराठी बोलणे बंद करा, इतक्या भाषांनी मूल गोंधळले आहे." यांपैकी खरे कोणाचे मानावे?

आजीचे म्हणणे अगदीच निराधार नाही. नवी भाषा कानांवर पडू लागली की अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहून केवळ ऐकतात. हा विकार नव्हे. असे मूल शाळेत मुके वाटले तरी घरी पाऊल टाकताच बडबड सुरू करते. 'मला तण्णी हवे' असे म्हणून ते मराठी वाक्यात पाण्यासाठी तमिळ शब्द बसवते, तेव्हा तेही गोंधळाचे लक्षण नसते. हाताशी असलेला शब्द ते वापरते, इतकेच. म्हणून पाहावयाचे ते हे की मूल आपल्या घरच्या भाषेत कसे बोलते. अडचण केवळ शाळेच्या भाषेत असेल तर थोडा धीर धरावा. ती मराठीतही असेल तर मात्र थांबून चालणार नाही.

आपल्या उदाहरणातील मुलगा घरीही अडतो. आई त्याच्यापुढे कात्री, चमचा व कंगवा ठेवते आणि म्हणते, "कात्री दे." तो तत्काळ कात्री उचलतो. मग ती कात्री दाखवून विचारते, "हे काय?" तो म्हणतो, "ते... ते, कापायचे." कधी तो कात्रीला सुरी म्हणतो, आणि चुकल्याचे त्याच्याच ध्यानात येते. आई 'का...' एवढेच म्हणते आणि तो आनंदाने ओरडतो, "कात्री!" तमिळमध्येही कात्रीला जवळपास तसाच, कत्तरी, असा शब्द आहे, वर्गात तो ऐकूनही त्याला आठवत नाही.

वस्तूची ओळख आणि तिच्या नावाचा उच्चार या मनात साठवलेल्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना एकीकडून दुसरीकडे क्षणार्धात जावे लागते. काही मुलांची ही वाट अडखळते. (प्रौढांनाही ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवत नाही; ते अगदी ओठांवर असते. या मुलांवर तो प्रसंग दिवसातून अनेकदा येतो.) अशा मुलाच्या बोलण्यात 'ते', 'हे', 'तसले' हे शब्द फार येतात; गोष्ट सांगताना ते मध्येच थांबते आणि शेवटी 'काही नाही' म्हणून विषय सोडून देते. त्याला मंद किंवा हट्टी समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो फार घरांत व फार वर्गांत घडतो.

उच्चारांचे दोष ही निराळी बाब. 'राजा'ला 'लाजा' म्हणणाऱ्या मुलाला शब्द सापडलेला असतो, ध्वनी जमत नसतो. 'र' पुष्कळ मुलांना उशिरा साधतो.

पहिली तपासणी कानांची करावी. वारंवार सर्दी होणाऱ्या, कान वाहणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे द्रव साचतो व त्याला आवाज दबलेला ऐकू येतो. हाक मारल्यावर ते वळते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावण्याने शब्द सापडत नाहीत. जिभेखालची शीर आखूड असल्यास फार तर काही उच्चार बिघडतात. आणि मराठी बंद करण्याचा सल्ला तर हानीच करतो. अनेक भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होत नाही. उलट, आई-आजी ज्या भाषेत सहज, भरभरून बोलतात ती काढून घेतली तर मुलाचे ऐकणेच कमी होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांची विनामूल्य तपासणी होते. तिच्यात श्रवणदोष व भाषेचा विलंब यांचाही समावेश आहे. वाचा-श्रवण तज्ज्ञ घडवणारी म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून, तर मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. इरुंगाट्टुकोट्टैच्या कुटुंबाला तितके दूर जावे लागत नाही. चेन्नईच्या वाटेवर पोरूर येथील श्री रामचंद्र संस्थेत वाचा, भाषा व श्रवण यांचा विभाग आहे. तज्ज्ञाला मराठी येत नसले तरी मूल घरी मराठीत कसे बोलते हे त्याला सांगावेच. अन्यथा तमिळचे अपुरे ज्ञान हाच दोष ठरण्याचा धोका असतो.

घरी काय करावे? मूल अडले की शब्द चटकन त्याच्या तोंडात घालू नये; मनात पाच अंक मोजावेत. मग पहिले अक्षर सुचवावे, किंवा 'ही कात्री की सुरी?' असे दोन पर्याय द्यावेत. पाहुण्यांपुढे 'हे काय, सांग बघू' अशी परीक्षा घेऊ नये. भाजी निवडताना, कपडे घडी घालताना वस्तूंची नावे त्यांच्या उपयोगासह पुन्हा पुन्हा बोलावीत. वर्गात शिक्षिकेने त्याला बोट दाखवून उत्तर देण्याची मुभा द्यावी. आणि आईने एक वही ठेवावी: कोणता शब्द अडला, कोणत्या भाषेत, पहिले अक्षर दिल्यावर आला की नाही. महिनाभराची अशी वही पुढे ठेवली की तज्ज्ञाला विचारावयाचे निम्मे प्रश्न आधीच सुटलेले असतात.