डॉक्टरची परीक्षा, तुमची साक्ष

पावसाळ्यातली पहाट. घरात जमिनीवर झोपलेला शेतकरी पोट धरूनच उठला. एक ओकारी झाली. दवाखान्यात नेईस्तोवर पापण्या जड झाल्या, गिळताना त्रास होऊ लागला, बोलणं अडखळलं. अंगावर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. काय झालं असेल?

शेतकरी बंधूंनो, हा प्रसंग तुम्हाला शेजारच्या वस्तीवरचा वाटेल. पण अशाच धाटणीचे प्रश्न नव्या डॉक्टरांच्या परीक्षेत येतात. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना आपल्या देशात नोंदणीआधी चाळणी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ३०० प्रश्न, पैकी १५० बरोबर आले तर पास. तिथे नुसतं पाठांतर पुरत नाही. चार खुणा दिलेल्या असतात, त्या जुळवून दुखणं ओळखायचं.

वरच्या प्रश्नाचं उत्तर आहे मण्यार. हा साप रात्री फिरतो, झोपेत चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल. ओवा देतात, वाट बघतात. तेवढ्यात श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. जाणता डॉक्टर अशा वेळी पोटावर हात ठेवतो, पण बघतो पापण्यांकडे. आणि विचारतो, रात्री कुठं झोपला होतात?

घोणसचं उलट. पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं. तिथे तपासणी अगदी साधी: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे लस एकच, तेव्हा साप मारून आणण्यात वेळ दवडू नका. आणखी एक ठरलेला प्रश्न: लहान मुलाला लस किती? उत्तर, मोठ्या माणसाइतकीच. साप पोर बघून विष कमी सोडत नाही. ‘एवढ्याशा लेकराला एवढ्या बाटल्या?’ म्हणून डॉक्टरशी भांडायला उठणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खुणा जुळवण्याची ही विद्या पुस्तकातच असते असं नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले. घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय या खुणांचा माग काढत त्यांनी प्राझोसिनची गोळी वापरात आणली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फवारणीच्या विषबाधेत मात्र डॉक्टरचं सारं तुमच्या सांगण्यावर येऊन ठेपतं. तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, नाडी मंद, या खुणा दिसल्या की फॉस्फरसयुक्त कीटकनाशक धरून अ‍ॅट्रोपिन देतात. पण सगळी औषधं त्या जातीची नसतात, आणि आपण पंपात दोन-तीन एकत्र ओततो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. म्हणून रुग्णाबरोबर डबा आणा, रिकामा असला तरी लेबलासकट. पोलीस केसच्या भीतीनं ‘चक्कर आली’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टर कितीही हुशार असो, तो अंधारातच चाचपडणार.

सरपंच, पोलीसपाटील आणि आशाताईंनी एक करावं. १०८ ला फोन लावतानाच त्रास किती वाजता सुरू झाला, माणूस कुठं झोपला होता, दिवसभरात काय फवारलं, हे कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद रुग्णाच्या खिशात ठेवावा. येत्या ग्रामसभेत हेही विचारून घ्या: आपल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या लशीच्या बाटल्या आज किती आहेत, श्वास देण्याची हातपिशवी आहे का, आणि रात्री दोन वाजता तिथे कोण असतं?