रकान्यातलं ‘एनए’

चिप बनवणारी कंपनी आतलं सर्किट सहसा कुणाला दाखवत नाही. पण तिच्याभोवती बोर्ड बनवणाऱ्याला प्रत्येक पिन कशी वागेल हे कळायला तर हवं. १९९३ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने यावर तोड निघाली: पिनवर अमुक व्होल्ट दिले तर तमुक करंट, एवढा तक्ता हाती द्यायचा, आत काय आहे ते झाकलेलंच. या पद्धतीचं नाव ‘आयबिस’. शराटी पक्ष्यालाही इंग्रजीत हेच म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधायला गेलं की आधी लांब चोचीच भेटतात.

तक्त्यात एक रकाना व्होल्टेजचा आणि तीन करंटचे: नेहमीचा, किमान, कमाल. ओळी २ ते १००. आकडा नसेल तिथे ‘एनए’ लिहायचं. मधली फट सिम्युलेटर, म्हणजे हा तक्ता वाचून संगणकावर बोर्डची चाचणी घेणारा प्रोग्रॅम, सरळ रेषेने सांधतो.

आता पिनचं रक्षण करणारा डायोड घ्या. ० व्होल्टला करंट शून्य, उणे १ व्होल्टला समजा ६० मिलिअँपिअर (दिशा उलटी, ते सोडा), मधे सगळे एनए. सिम्युलेटर उणे अर्ध्या व्होल्टला बिनदिक्कत ३० मिलिअँपिअर धरतो. खरा सिलिकॉन डायोड तिथे जेमतेम जागा होत असतो. त्याचा करंट सुरुवातीला साधारण दर ६० मिलिव्होल्टला दहापट होतो, म्हणजे सगळी गंमत नेमकी त्या फटीत. पडद्यावर सिग्नलची खालची उसळी वेळेआधीच दाबलेली दिसते. टेबलावर ऑसिलोस्कोप लावला की ती मोकाट असते.

किमान रकान्यातल्या एनएचा मला जास्त राग येतो. चिप तापलेली, पुरवठा कमी, अशा वाईट दिवसाचे आकडे तिथे हवेत. ते नसले की बहुतेक सिम्युलेटर गुपचूप नेहमीचेच आकडे उचलतात. तिन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले की मी आधी फाइल उघडतो. तरी एनए परवडलं. कुणी नीटनेटक्या स्वभावाचा माणूस तिथे शून्य टाकून ठेवतो, आणि शून्य म्हणजे करंट वाहतच नाही असं ठाम विधान.

तक्त्याची टोकंही वेगळीच. तारेच्या मोकळ्या टोकावरून परतणारी लाट व्होल्टेज दुप्पट करू शकते, म्हणून ३.३ व्होल्टच्या चिपचा तक्ता उणे ३.३ ते ६.६ व्होल्टपर्यंत लागतो. खरी चिप तिथे धरून ठेवली तर जळेल. आणि नियम असा, की पहिल्या आणि शेवटच्या ओळीत नेहमीच्या रकान्यात एनए चालत नाही. मग मोजलेल्या शेवटच्या दोन बिंदूंवरून रेषा पुढे ओढतात आणि जो येईल तो आकडा लिहितात.