गिरणगावातील कथा

मुंबई शहरातील परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, वरळी इत्यादी वस्त्या मिळून जो विस्तीर्ण भाग होतो, त्यास गिरणगाव असे नाव पडले. नावात गाव असले, तरी तेथील रहिवासी एका गावचे नव्हते. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडाची पहिली गिरणी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तसतसे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा दूरदूरच्या भागांतून लोक पोटासाठी मुंबईस आले. कोकणातील माणसाची बोली घाटावरच्या माणसास परकी वाटे. याचे ग्रामदैवत निराळे, त्याचे जेवण निराळे. अशी अनोळखी माणसे पुढे एकमेकांची शेजारी झाली, याचे बरेचसे श्रेय त्यांनी परस्परांस ऐकविलेल्या कथांना द्यावे लागेल.

चाळीची रचना या कामी उपयोगी पडली. दहा-बारा फुटांच्या एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष राहत. एक पाळी कामावर गेली, की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागी अंथरूण पसरीत. अशा खोलीत दोन घटका निवांत बसणार कोठे? म्हणून विसाव्याची जागा म्हणजे बाहेरची लांब गॅलरी, जिना आणि चाळीपुढील पटांगण. भोंगा होऊन पाळी सुटली, की माणसे तेथे टेकत आणि बोलणे सुरू होई. गावाकडून कोणास पत्र आले, तर अक्षरओळख असलेला एखादा सोबती ते मोठ्याने वाचून दाखवी. एका घरची हकीकत अशा रीतीने दहा जणांची होई. पत्र खाजगी असावे, ही कल्पना तेथे कोणास परवडणारी नव्हती!

सणावारी पटांगणास निराळाच रंग चढे. कोकणातील मंडळी शक्ती-तुऱ्याचे सामने करीत. त्यात एक पक्ष गाण्यातून पुराणातला एखादा अवघड प्रश्न टाकी आणि दुसऱ्या पक्षाने गाऊनच त्याचे उत्तर द्यावयाचे असे. घाटावरच्या मंडळींना तमाशाची ओढ. लालबागच्या हनुमान थिएटरात त्यांची गर्दी लोटे. प्रत्येकाची आवड वेगळी खरी. परंतु पटांगण एकच असल्यामुळे एकाची कथा दुसऱ्याच्या कानी पडल्यावाचून राहत नसे.

कालांतराने पुराणातील कथांच्या जोडीस कामगारांची स्वतःची कथा आली. वाटेगावहून मुंबईस आलेले अण्णा भाऊ साठे हे स्वतः गिरणीत राबले होते. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. या शाहिरांचे पोवाडे व लोकनाट्ये ऐकताना श्रोत्यांस आपलीच गरिबी, आपलेच कष्ट आणि आपलाच लढा समोर दिसे. राजे आणि राक्षस मागे पडले. कथेचा नायक आता शेजारच्या खोलीत राहत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपास यश आले नाही. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि कित्येक कुटुंबे उपनगरांत किंवा गावी गेली. कथा सांगणारे पांगले, तर कथाही त्यांच्याबरोबर नाहीशा होण्याची भीती होती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जुने कामगार, कार्यकर्ते व कलावंत यांना गाठून त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. २००४ मध्ये त्या इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. गिरणगावाची शंभर वर्षांची हकीकत त्यात तेथल्याच सुमारे शंभर माणसांनी सांगितलेली आहे.