लढतीची प्रसिद्धी आणि मल्लाचे हित : कुस्ती, मुष्टियुद्ध व मिक्स्ड मार्शल आर्ट्स

प्रस्तावना :
लढत कितीही तुल्यबळ असली, तरी तिची वार्ता प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्याशिवाय मैदान भरत नाही. ही वार्ता दोन प्रकारे पोहोचविली जाते. एका प्रकारात जोडीचे नाव पुढे केले जाते, तर दुसऱ्या प्रकारात स्पर्धेचे. महाराष्ट्रातील कुस्तीत हे दोन्ही प्रकार आढळतात. जागतिक पातळीवरील मुष्टियुद्ध व मिक्स्ड मार्शल आर्ट्स यांच्याशी त्यांची तुलना करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

जोडीची प्रसिद्धी :
यात्रेतील कुस्ती मैदानात यात्रा समिती आधीच जोड ठरविते. फलकावर दोन्ही मल्लांची छायाचित्रे, वस्तादांची वा तालमींची नावे आणि इनामाची रक्कम छापली जाते. रेवड्यांवरच्या लहान कुस्त्यांपासून प्रारंभ होऊन प्रथम क्रमांकाची कुस्ती शेवटी लागते. हलगीचा कडकडाट व निवेदकाची वाणी उत्कंठा वाढविते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाने या परंपरेला भव्य रूप दिले.

मुष्टियुद्धाची रीत हीच आहे. १९७४ मध्ये किन्शासा येथे झालेल्या मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांच्या लढतीसाठी आयोजक डॉन किंग यांनी प्रत्येकी ५० लाख डॉलर मानधनाचा करार केला होता. येथे खेळाडूचे नाव हेच भांडवल असल्याने मोठ्या खेळाडूला मोठा मोबदला मागता येतो. मात्र दोन पक्षांचे न जमल्यास प्रेक्षक ताटकळतो. मेवेदर व पॅकियाओ यांच्या लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली; ती लढत प्रत्यक्षात झाली २०१५ मध्ये.

स्पर्धेची प्रसिद्धी :
१९६१ पासून भरणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत अंतिम जोड आधी ठाऊक नसते. माती व गादी या विभागांतील विजेते किताबासाठी झुंजतात. त्यामुळे प्रसिद्धी होते ती किताबाची व चांदीच्या गदेची. १९९३ मध्ये सुरू झालेल्या यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स संस्थेत जोड्या संस्थाच ठरविते. तथापि प्रेक्षक प्रामुख्याने संस्थेच्या नावावर येतो, हे साम्य महत्त्वाचे आहे. एकाच संस्थेच्या हाती सर्व करार असल्याने लढती लवकर जुळतात. परंतु खेळाडूची मोबदला मागण्याची ताकद घटते. अमेरिकेत मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी २००० साली झालेला मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा आयोजकाला आपली मिळकत खेळाडूसमोर उघड करण्यास भाग पाडतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्सला तो लागू झाला नाही. मोबदल्याबाबत लढवय्यांनी केलेल्या दाव्यात यूएफसीने २०२४ मध्ये ३७.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

किताबाचे मोल तो एकच असण्यात आहे. मुष्टियुद्धात चार प्रमुख संघटना स्वतंत्र जगज्जेते घोषित करतात. आपल्याकडेही संघटनेतील फुटीमुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळील फुलगाव व धाराशिव येथे दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. खरा केसरी कोण, हा प्रेक्षकाचा प्रश्न अशा वेळी अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष :
जोडीची प्रसिद्धी नामवंत मल्लाला बळ देते, परंतु नवोदिताला फलकाच्या तळाशी ठेवते. स्पर्धेची प्रसिद्धी नवोदिताला संधी देते, परंतु सत्ता आयोजकाकडे सोपविते. वरोरा परिसरातील किंवा गडचिरोलीतील एखाद्या होतकरू मल्लामागे मोठ्या तालमीचे नाव नसते; त्याच्यासाठी खुली स्पर्धा हाच नावारूपाला येण्याचा मार्ग होय. म्हणून किताब एकच असावा, तसेच फलकावर छापलेले इनाम मल्लाच्या हाती पूर्ण पडावे आणि जमा रकमेचा हिशेब त्याला पाहता यावा. प्रेक्षकाचा विश्वास व मल्लाचे पोट, हे दोन्ही जपणारी प्रसिद्धीच टिकाऊ ठरते.