सर्वांगीण व्यायामाची निवड : शरीराच्या पाच हालचाली

व्यापारी कुटुंबांच्या दिनक्रमात श्रमांना तोटा नसतो. मात्र हे श्रम बहुतांशी बुद्धीचे आणि वाणीचे असतात. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री हिशेब मिळेपर्यंत मालकाचे शरीर गादीवर किंवा खुर्चीवर स्थिर असते. कापडाचे तागे उतरवणे, धान्याची पोती थप्पीला लावणे ही कामे पूर्वी घरातील माणसेही करीत. आज ती नोकर आणि हमाल करतात. घरातही पाणी भरणे, दळण-कांडण, धुणे ही कामे यंत्रांकडे गेली. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु त्या कामांच्या निमित्ताने शरीराला नकळत घडणारा व्यायामही तिच्याबरोबर संपला.

ही उणीव भरून काढण्यासाठी कोणी पहाटे फिरायला जातो, कोणी व्यायामशाळेची वर्षभराची फी भरतो, कोणी मोबाइलवर पाहून योगासने करतो. उत्साह असतो, वेळही काढला जातो. तरी साठीच्या आसपास गुडघे, कंबर आणि खांदे तक्रार करू लागतात. संपूर्ण शरीराला पुरेल असा व्यायाम निवडायचा, तर शरीराला आयुष्यभर कोणती कामे करावी लागतात हा विचार आधी करायला हवा.

चालणे आवश्यक, पण पुरेसे नाही

रोजचे चालणे ही उत्तम सवय आहे. हृदय, फुप्फुसे आणि रक्तातील साखर यांच्यासाठी तिचा लाभ निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. मात्र त्याच मार्गदर्शनाचा दुसरा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. आठवड्यातून किमान २ दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम मिळावा, आणि वयाची ६५ वर्षे उलटलेल्यांनी तोल सांभाळण्याचा व ताकदीचा व्यायाम किमान ३ दिवस करावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

याचे कारण स्नायूंच्या स्वभावात आहे. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. सपाट रस्त्यावर चालताना मांड्यांवर फारसा भार येत नाही. हात, छाती आणि पाठ यांचा तर संबंधच अल्प. त्यामुळे रोज तासभर चालणाऱ्या व्यक्तीलाही जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून गेलेल्या अनेक यात्रेकरूंना खरा त्रास उतरताना होतो, कारण उतरताना शरीराचा भार सावरून धरण्याचे काम मांडीच्या पुढील स्नायूंना करावे लागते. व्याख्यानाच्या सभागृहात मागील बाजूस मांडलेल्या खुर्च्यांची रांग लांबत जाते, तिच्यामागेही बहुधा हेच कारण असते.

पाच मूलभूत हालचाली

मानवी शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येकासाठी वेगळा व्यायाम शोधणे अशक्य आणि अनावश्यकही आहे. दैनंदिन व्यवहारातील बहुतेक श्रम पाच हालचालींत सामावतात. खाली बसून उठणे, वाकून वस्तू उचलणे, ढकलणे, ओढणे आणि ओझे घेऊन चालणे. या प्रत्येक हालचालीत अनेक सांधे आणि स्नायूंचे मोठे समूह एकत्र काम करतात. म्हणून या पाचांपैकी प्रत्येकीचा एकेक व्यायाम निवडला की अंगाचा कोणताही मोठा भाग वंचित राहत नाही. केवळ दंडाचे स्नायू फुगवणारे किंवा केवळ पोट कमी करण्याच्या आशेने केलेले व्यायाम या कसोटीवर अपुरे ठरतात. शिवाय विशिष्ट भागाचा व्यायाम केल्याने त्याच भागाची चरबी वितळते, हा समजही चुकीचा आहे.

तालमीचे शहाणपण

महाराष्ट्रातील जुन्या तालमींची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे बैठकांनी पाय घडत, जोरांनी छाती व खांदे घडत. मल्लखांब आणि दोर यांवर चढताना स्वतःचे वजन ओढावे लागे. हौद्यातील माती फावड्याने उकरताना कंबर आणि पाठ राबे, नाल उचलताना पकड मजबूत होई आणि मुद्गल फिरवताना खांद्यांचे सांधे मोकळे होत. पाचही हालचालींची तेथे सोय होती.

विसाव्या शतकात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा मोठ्या निष्ठेने प्रसार केला आणि तो शाळाशाळांत पोहोचवला. साधनांशिवाय, थोड्या जागेत, श्वासाच्या लयीत होणारा हा व्यायाम आजही अत्यंत उपयुक्त आहे. कण्याची लवचिकता, खांद्यांची ताकद आणि हृदयाचा व्यायाम त्यातून एकाच वेळी साधतो. तथापि त्यात ढकलण्याची क्रिया आहे, ओढण्याची नाही. वाकणे आहे, पण उचलण्याचा भार नाही. तालमीत ही उणीव मल्लखांब आणि नाल भरून काढीत. सूर्यनमस्कार घरी आले, ही साधने मात्र तालमीतच राहिली. म्हणून सूर्यनमस्कार सोडण्याचे कारण नाही. त्यांच्या जोडीला राहून गेलेल्या हालचाली घेणे इष्ट आहे.

घरच्या घरी निवड

बसून उठण्यासाठी बैठक हा सर्वोत्तम व्यायाम होय. गुडघे दुखत असल्यास भक्कम खुर्चीवर बसून, हात न टेकता उठावे. खाली जाताना तीन अंक मोजावेत. पायऱ्या उतरण्याची ताकद याच संथ उतरण्यातून येते.

उचलण्यासाठी पाच किलो तांदळाची पिशवी पुरेशी आहे. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकावे, नितंब मागे न्यावेत, गुडघे किंचित दुमडावेत आणि पिशवी अंगालगत धरून उभे राहावे. पाठीला बाक काढून, झटक्याने वजन उचलण्यातून कंबरेची दुखणी उद्भवतात. म्हणून वजन वाढवण्यापूर्वी ही पद्धत अंगवळणी पडली पाहिजे.

ढकलण्यासाठी दंड आहेत. नवशिक्यांनी ते प्रथम भिंतीला हात टेकून, नंतर स्वयंपाकघरातील ओट्याला टेकून आणि शेवटी जमिनीवर करावेत. हात जितके खाली टेकावेत तितका भार वाढतो.

ओढण्यासाठी रबरी व्यायामपट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढावा. असे करताना पाठीवरील दोन्ही पाती एकमेकींजवळ यायला हवीत. दिवसभर हिशेबावर किंवा मोबाइलवर वाकलेल्या मानेला आणि पुढे झुकलेल्या खांद्यांना या हालचालीची सर्वाधिक गरज असते, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या व्यायामात आढळत नाही.

ओझे वाहण्यासाठी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन, छाती उघडी आणि मान ताठ ठेवून एक मिनिट चालावे. दिसायला अगदी साध्या असलेल्या या व्यायामात पकड, खांदे, पोट, पाठ आणि पाय सारेच एकदम कामाला लागतात.

आठवड्याची आखणी

या पाच हालचाली आठवड्यातून दोन दिवस, उदाहरणार्थ सोमवारी आणि गुरुवारी कराव्यात. मधले दिवस स्नायूंची झीज भरून येण्यासाठी आवश्यक असतात. पहिल्या चार हालचालींची प्रत्येकी ८ ते १२ आवर्तने आणि एक मिनिट ओझे घेऊन चालणे अशी एक फेरी होते. आरंभी दोन फेऱ्या कराव्यात, महिन्याभरानंतर तीन. अर्ध्या तासात हे सारे आटोपते. उरलेल्या पाच दिवशी अर्धा अर्धा तास भरभर चालले की १५० मिनिटे सहज पूर्ण होतात. ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्यांना जेवणानंतर थोड्या वेळाने फिरायला निवांत अवधी मिळतो. भोजनोत्तर चालण्याने रक्तातील साखरेची चढही सौम्य राहते.

भार किती असावा, याची खूण सोपी आहे. शेवटची दोन आवर्तने कष्टाने, परंतु पद्धत न बिघडता व्हावीत. बारा आवर्तने सहज होऊ लागली की भार थोडा वाढवावा. व्यापारात भांडवल हळूहळू वाढवावे, तसेच हे आहे. एकाच आठवड्यात दुप्पट करण्याचा मोह दुखापतीकडे नेतो. उलट, वर्षानुवर्षे त्याच वजनाने तेवढीच आवर्तने केल्यास शरीर आहे तेथेच थांबते.

आहार, उपवास आणि सावधगिरी

व्यायामाने स्नायूंना मागणी निर्माण होते. पुरवठा आहारातून व्हावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला जवळपास ५० ग्रॅम. शाकाहारी घरात मूग, मटकी, हरभरा, तूर, शेंगदाणे, दूध, दही आणि पनीर यांतून ती मिळू शकतात. मात्र फरसाण आणि मिठाईने पोट भरले, तर ही बेरीज जमत नाही.

उपवासाच्या, विशेषतः निर्जळ उपवासाच्या दिवशी वजनाचे व्यायाम करू नयेत. दीर्घ तपस्येच्या पारण्यानंतर काही दिवस केवळ संथ चालावे आणि आहार पूर्ववत झाल्यावर निम्म्या भाराने पुन्हा आरंभ करावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास आणि व्यायाम या दोन्हींविषयी वैद्यांचा सल्ला आधीच घेणे अत्यावश्यक आहे.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, ठिसूळ हाडे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यासही वैद्यकीय अनुमतीनंतरच व्यायामाला सुरुवात करावी. भार उचलताना श्वास कोंडल्याने रक्तदाब एकाएकी वाढतो. म्हणून जोर लावताना श्वास सोडावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा असाधारण धाप जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रगतीची नोंद

प्रगती मोजण्यासाठी वजनकाट्यापेक्षा एक साधी चाचणी अधिक बोलकी आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घेऊन, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६० ते ६४ या वयोगटात पुरुषांना १४ हून कमी आणि स्त्रियांना १२ हून कमी वेळा उठता आले, तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी आणि पडण्याचा धोका अधिक मानला जातो. घरातील ज्येष्ठांची, आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचीही, ही चाचणी दर तीन महिन्यांनी घ्यावी आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. ज्या घरात पै-पैचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवला जातो, तेथे ही एक नोंद ठेवणे मुळीच अवघड नाही. आकडा टिकून राहिला किंवा दोनाने वाढला, तर निवडलेला व्यायाम योग्य आहे असे समजावे. घटू लागला, तर पाचांपैकी कोणती हालचाल राहून जात आहे ते तपासून त्याच आठवड्यात तिला स्थान द्यावे.