पेटीतलं पदक, कागदावरचं पदक

आज बोलायचं आहे ते घरातल्या एका पत्र्याच्या पेटीबद्दल. काळी किंवा हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली. कशेडीच्या पायथ्याच्या वाड्या असोत, पोलादपूर असो की महाड, ज्या घरातला माणूस फौजेत होता त्या घरी माळ्यावर ही पेटी असतेच. महाड तालुक्यात तर एका गावाच्या नावातच फौज आहे, फौजी आंबवडे. शेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे नाव आपण सगळ्या ऐकून आहोत. पण ज्यांचं नाव कुठे लागलं नाही, पंधरा-वीस वर्षं नोकरी करून जे गुपचूप घरी आले, त्यांच्या पदकांचं काय?

आमच्या गटातल्या एका आजींच्या घरी गेल्या वर्षी हा प्रश्न निघाला. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांना बोलावलं होतं. आजोबा ऐंशीच्या पुढचे. नातवाने पेटी उघडली तर पदकं निघाली दोन. आजोबा म्हणाले, "माझ्याबरोबरच्यांना चार-पाच होती." घरच्यांना वाटलं, वय झालं, विसरले असतील. आजी मात्र म्हणाल्या, "कागद बघू या."

कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. नोकरी संपली की फौज हे पुस्तक देते. त्यात भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, हुद्दा, पलटण आणि मिळालेली पदकं लिहिलेली असतात. यातल्या तारखा नीट बघा, कारण बरीच पदकं तारखेवरच ठरतात.

पदकं दोन जातीची असतात. एक शौर्याची: परमवीर चक्र, वीर चक्र, सेना पदक अशी. ती एका माणसाच्या एका कामगिरीसाठी असतात. वरिष्ठांनी त्या वेळी शिफारस करावी लागते आणि राजपत्रात नाव यावं लागतं. पन्नास वर्षांनी अर्ज करून ती मिळत नाहीत. दुसरी सेवेची. अमुक काळात, अमुक ठिकाणी, इतके दिवस नोकरी केली असेल तर ती हक्काने मिळतात. नोंदीतून राहून जातात ती बहुतेक हीच.

आजोबांची भरती १९६३ ची आणि निवृत्ती १९७९ ची. आता बोटांवर मोजा. १९६५ च्या युद्धाच्या वेळी ते नोकरीत होते, म्हणजे रक्षा पदक बघायला हवं. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, त्या दिवशी नोकरीत असणाऱ्यांसाठी वेगळं पदक होतं. नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं एक असतं, वीस वर्षांचं एक. आजोबांची सोळा वर्षं झाली, म्हणजे पहिलं बसतं, दुसरं नाही. १९७१ च्या युद्धात ठरलेल्या भागात जे होते त्यांना संग्राम पदक, पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेच्या आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार. जम्मू-काश्मीर, हिमालय अशा अवघड भागांत ठरावीक काळ काढला असेल तर सैन्य सेवा पदक, आणि त्याच्या रिबिनीवर त्या भागाच्या नावाची छोटी पट्टी. माणूस अलीकडचा असेल तर स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं, म्हणजे १५ ऑगस्ट १९९७ चं पदक आणि कारगिलच्या ऑपरेशन विजयचं पदकही बघा.

मग ही राहतात कशी? युद्ध आधी होतं, पदक नंतर जाहीर होतं आणि हातात पडायला आणखी वेळ जातो. तोवर माणूस दुसऱ्या पलटणीत गेलेला असतो, नाहीतर पेन्शनवर घरी आलेला असतो. फौजेत प्रत्येक गोष्टीचा लेखी आदेश निघावा लागतो, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. लग्न, मूल, बढती, पदक, सगळं या आदेशाने नोंदीत चढतं. आदेश निघायचा राहिला की नोंद राहिली. कधी नोंद असते, पण पदकच घरी पोहोचलेलं नसतं. म्हणून अर्जात दोन वेगळ्या गोष्टी विचारायच्या: माझ्या नोंदीत कोणती पदकं आहेत, आणि त्यातली कोणती मला दिली गेली?

अर्ज जातो त्या त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. नौदलातल्या खलाशांचं काम मुंबईत मानखुर्दला चालतं, हवाई दलाचं दिल्लीत. हे एकटीने शोधत बसायची गरज नाही. अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे बरोबर पत्ता मिळतो, अर्ज लिहायला मदत होते आणि त्यांच्यामार्फत अर्ज पाठवताही येतो. पोलादपूरहून अलिबागला जाऊन यायचं तर दिवस मोडतो, म्हणून सगळे कागद एकाच फेरीत न्या: डिस्चार्ज बुकाच्या आणि पेन्शनच्या कागदाच्या, म्हणजे पीपीओच्या झेरॉक्स, आधार, माजी सैनिक ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. माणूस हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नातं सांगणारा कागदही घ्या.

अर्ज साध्या हिंदीत चालतो, एक पान पुरे. सगळ्यात वर फौजी नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. आजींच्या नातवाने पहिला अर्ज नंबर न घालताच पाठवला आणि तो तसाच परत आला. पुढे भरती आणि निवृत्तीच्या तारखा. कोणत्या वर्षी कुठे होतो ते आठवेल तेवढंच लिहा, अंदाजाने ठोकू नका. मग कोणतं पदक राहिलं असं वाटतं आणि का, ते लिहा. मूळ कागद कधीही पाठवू नका, झेरॉक्सच पाठवा. स्पीड पोस्टाची पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा.

बरेच महिने काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपये भरून आपल्या नोंदीची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते दहाही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच खात्यात वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. पदकाच्या हक्काचाच वाद राहिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं पीठ मुंबईत आहे. तिथवर क्वचितच जावं लागतं.

आता आजोबांचं काय झालं ते सांगते. आठ महिन्यांनी उत्तर आलं. रक्षा पदक आणि नऊ वर्षांचं पदक नोंदीत चढवलं. पश्चिमी स्टार मात्र मिळालं नाही, कारण त्या काळात त्यांची नेमणूक त्या भागात नव्हती. नातू जरा खट्टू झाला. आजोबा म्हणाले, "बरोबर आहे. मी तेव्हा मागे डेपोत होतो."

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट वेगळीच निघाली. त्याच उत्तरासोबत नोंदीची प्रत आली, आणि तिच्यात पत्नीच्या रकान्यात आजींचं माहेरचं नाव होतं. आधारवर, पासबुकावर, सगळीकडे सासरचं. साठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत जुनी आहे, त्यामुळे हे किती घरांत असेल याचा विचार करा. उद्या आजोबांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला असता तर पहिला प्रश्न आला असता, "या बाई कोण?" आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्या सहीने, प्रतिज्ञापत्र जोडून ही दुरुस्ती सोपी असते. त्यांच्यानंतर तीच बाई कागद घेऊन दारोदार फिरते. आजोबांनी लगेच दुसरा अर्ज केला. नाव दुरुस्त झालं आणि पेन्शनच्या स्पर्श प्रणालीतही ते बरोबर चढलं की नाही, हे नातवाने बघून घेतलं.

म्हणून पदकाने पेन्शन वाढते का, असं कोणी विचारलं तर सरळ सांगा, सेवेच्या पदकाने एक रुपयाही वाढत नाही. "पदक काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. बाजारात तसली पदकं विकत मिळतात, पण नोंदीत नसलेलं छातीवर लावायचं नाही. पदकासाठी पेटी उघडली की सगळी नोंद डोळ्यांखालून जाते, मोठा फायदा तो आहे.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढंच करा. ज्यांच्या घरी फौजी आहे त्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घेऊन यावं. पदकांचं पान वाचा, तारखा मोजा. आणि त्याच्या आधी पत्नीच्या नावाचा रकाना काढा, त्यावर बोट ठेवून आपलं नाव मोठ्याने वाचा. अक्षर न् अक्षर आधारशी जुळतं का बघा. नाही जुळलं तर अर्ज त्याच दिवशी लिहायला घ्या.