दंडाला विचारा हिरडीचं दुखणं

दात घासताना बेसिनमध्ये लालसर थुंकी दिसते. आपण चूळ भरतो आणि कामाला लागतो. पण रक्त बाहेर आलं म्हणजे वाट उघडी आहे, आणि त्याच वाटेनं कुणी आत शिरलं तर?

हिरड्या बिघडायला फार काळ लागत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांनी प्रयोगासाठी दात घासणं सोडलं. तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या! पुन्हा घासू लागल्यावर सूज उतरली. दुर्लक्ष वर्षानुवर्षं चाललं, तर मात्र हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि तिथे जिवाणू मुक्काम ठोकतात. तोंडभरच्या अशा खोबणींची आतली बाजू जोडली, तर ती ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरू शकते. एवढी ओली जखम हातावर असती, तर आपण दवाखान्यात धावलो असतो. तोंडात असली की घास चावतानाही तिच्यातले जिवाणू रक्तात उतरू शकतात.

रक्तवाहिन्यांना याचा पत्ता लागतो का? विचारायची रीत झकास आहे. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि एकदम सोडायचं. रक्ताचा लोंढा येतो. धमनीच्या आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. तरी त्याला लोंढा जाणवतो, ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. मिरवणूक येताच गल्लीच्या भिंतींनी आपणहून मागं सरकावं, तसं! किती रुंदावली, ते सोनोग्राफीत मोजता येतं. अस्तर आजारी असेल, तर धमनी आळस करते. तेही कुठे अडथळा होण्याच्या कितीतरी आधी.

लंडनमध्ये हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या १२० जणांवर हीच परीक्षा झाली. निष्कर्ष २००७ साली आले. काहींच्या हिरड्या खोलवर साफ केल्या, इतरांचे दात नेहमीसारखे स्वच्छ केले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, खोल सफाई झालेल्यांच्याच धमन्या जास्त सुस्त! सफाईच्या खटाटोपानं अंगभर दाह उसळला होता. सहा महिन्यांनी मात्र पारडं फिरलं: त्यांच्याच धमन्या इतरांहून चांगल्या रुंदावू लागल्या. उपचार तोंडात, फरक दंडात!

म्हणून हार्ट अटॅक टळतात का? ते सिद्ध झालेलं नाही. धूम्रपान हिरड्याही बिघडवतं आणि धमन्याही, त्यामुळे दोष कुणाचा किती, हे सोडवणं किचकट आहे.

पण वय बघा. फिनलंडमध्ये १९८० साली ६, ९ आणि १२ वर्षांच्या ७५५ मुलांची तोंडं तपासली होती. २७ वर्षांनी, तिशीत, त्यांच्या मानेतल्या धमन्या मोजल्या. बालपणी तोंडात संसर्गाच्या खुणा जितक्या जास्त, तितकं धमनीची भिंत जाड असण्याचं प्रमाण जास्त. खुणा म्हणजे काय, तर कीड, भरलेला दात, हिरडीतून रक्त, खोल खोबण. यांपैकी एकही नसलेली मुलं शंभरात पाचसुद्धा नव्हती.